वरीलप्रमाणे

कचेरीतल्या मोठ्या कारकुनांना सगळे ‘वरीलप्रमाणे’ म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर भाऊसाहेब. तीस वर्षांत त्यांनी एका कागदावर एक मजकूर दोनदा लिहिला नव्हता. वरचंच खाली आलं की ‘वरीलप्रमाणे’ लिहून मोकळे! माणूस सज्जन, अक्षर देखणं, हात तेवढा आखडता.

राज्य सरकार दरवर्षी गावोगावचा तक्ता मागवी: काय आहे, काय हवं आहे. त्यावरून निधी वाटला जाई. यंदाच्या निधीच्या यादीत ओढ्यापलीकडच्या वस्तीचं नावच नव्हतं. त्या दुपारी तिथल्या दवाखान्यातल्या सिस्टर ओल्या चपला हातात घेऊनच कचेरीत शिरल्या.

“भाऊसाहेब, लसींचा डबा डोक्यावर धरून ओढा ओलांडते मी. शेजारच्या गावाला दुसरा पूल, आणि आम्हाला ठेंगा?”

“सरकार गरज बघून देतं, सिस्टर. आणि गरज मी कळवली होती.” भाऊसाहेबांनी ठसक्यात फाइल उघडली.

‘असलेले पूल’ यापुढे लिहिलं होतं: निरंक. म्हणजे एकही नाही. त्याखाली ‘हवे असलेले पूल’. त्यापुढे: वरीलप्रमाणे.

सिस्टरांनी दोनदा वाचलं. “म्हणजे आम्हाला पूल नाही, आणि नकोही!”

भाऊसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. दुरुस्तीची मुदत त्याच संध्याकाळपर्यंत होती. पण चूक कोणाची, हे लिहून द्यावं लागणार होतं, आणि निवृत्तीला उरले होते चार महिने. सेवापुस्तकात आजवर एकही वाईट शेरा नव्हता.

“टपालात घोळ झाला म्हणून लिहा की,” शेजारचा कारकून कुजबुजला.

भाऊसाहेबांनी तसा विचार केलाही. मग चपलांतून फरशीवर ठिबकणारं पाणी पाहिलं आणि कोरा कागद ओढला. ओढा किती रुंद, पलीकडे घरं किती, गरोदर बाया किती. सिस्टर सांगत गेल्या, ते लिहीत गेले. दोन पानं भरली. शेवटची ओळ: ‘चूक माझी आहे.’

साहेबांनी कागद वाचून चष्मा काढला. “तब्येत बरी आहे ना, भाऊसाहेब? एवढं लिहिलंत?” मग सही करत म्हणाले, “लेखी समज मात्र द्यावी लागेल.”

“द्या, साहेब.”

निधी आला, तोही कात्री लागून. पूल झाला तो एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. निवृत्त झाल्यावर भाऊसाहेब मुद्दाम पाहायला गेले. निम्म्यावर पोचले, तर समोरून एक म्हातारी कठडा धरून येत होती.

“सावकाश या, आजी,” असं म्हणत ते एकेक पाऊल मागे सरू लागले.