लोपीससाहेबांची अर्धी प्रार्थना

मुलुंडच्या आमच्या इमारतीत दिवेलागण झाली हे घड्याळ न बघताही कळायचं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घातलेले पास्कल लोपीस येऊन उभे राहत आणि खाली बघून एवढंच म्हणत, "चला, वेळ झाली." भांडुपच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्स इंजिनियर होते. दिवसभर यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून बोलणारा हा माणूस घरी अगदी हळू बोलायचा. तरी त्यांची तिन्ही मुलं खेळ टाकून जिन्याकडे पळायची. धाकटा डेरिक एकदा बोलिंग टाकायला धावत सुटला तो चेंडूसकट तसाच वर गेला, आणि त्याच्या मागून इतर पोरांनी घातलेल्या शिव्या मी माझ्या कानांनी ऐकल्या आहेत.

वर रोझरी असायची. लोपीस मूळचे वसईकडचे, त्यामुळे घरातली प्रार्थना मराठीत. या जपमाळेची गंमत अशी, की ती एकट्याने म्हणायला तशी हरकत नसते, पण घरात ती दोघांत वाटलेली असते. प्रत्येक मण्याची अर्धी प्रार्थना घरच्या कर्त्याने म्हणायची आणि उरलेल्या अर्ध्या प्रार्थनेने बाकीच्यांनी त्याला उत्तर द्यायचं. आमच्या स्वयंपाकघराची आणि त्यांच्या पुढच्या खोलीची भिंत एकच. माझी बायको सुनंदा पोळ्या लाटत असायची आणि भिंतीपलीकडे आधी लोपीससाहेबांचा एकटा आवाज, मग त्यांच्या पत्नी रेजिनाबाई आणि मुलांचा एकत्र आवाज, असं चालू राहायचं. आमच्या देवापुढे मी घाईघाईने दोन उदबत्त्या फिरवणारा माणूस. मला त्या नेमाचा थोडा धाक वाटायचा आणि थोडा हेवाही.

प्रार्थनेच्या वेळी त्यांचं दार सताड उघडं असे. "देवाच्या वेळेला कडी लावायची नाही," असं त्यांचं म्हणणं. मी एकदा चोरांचा विषय काढला. ते म्हणाले, "कर्णिक, चोर आला तर बसेल आमच्याबरोबर. उत्तर द्यायला एक माणूस वाढला."

त्यांच्याबरोबरचे दोघेतिघे आखातात गेले, तेव्हा मस्कतहून त्यांनाही बोलावणं आलं होतं. मोठा हुद्दा होता, तरी त्यांनी नकार कळवला. कारखान्यात सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं, रेजिनाबाईही दोन दिवस गप्प होत्या. मी जिन्यात गाठून विचारलं, तर खिशातला रुमाल काढून चष्मा पुसत म्हणाले, "मशीन कुठेही असो, मी रिपेर करून देतो. पण मी तिकडे गेलो तर इथे वेळ झाली म्हणून कोण सांगणार?" मी घरी येऊन सुनंदाला सांगितलं, "माणूस साधा आहे, पण हट्टी." ती म्हणाली, "बायकोपोरांसाठी हट्टी आहे ना? मग असू दे."

पुढे व्हायचं ते झालं. बापाने नाकारलेलं मस्कत थोरल्या विल्यमने पत्करलं. त्याच्या मागोमाग ग्रेटाचं लग्न टोरांटोच्या मुलाशी ठरलं, आणि डेरिकची बहारीनची खटपट सुरू झाली. लोपीससाहेब कुणाला नाही म्हणाले नाहीत. पण विल्यम जायच्या आदल्या रविवारी ते भर दुपारी आमच्या दारात उभे राहिले. हातात टेपरेकॉर्डर. "तासभर जरा शांतता पाहिजे. कुकर लावू नका, प्लीज."

इंजिनियरने तोडगा काढला होता. सगळे घरात आहेत तोवर त्यांची उत्तरं टेप करून ठेवायची. स्वतःचा अर्धा भाग ते मनातल्या मनात म्हणणार आणि मग हात खाली करून खूण करणार. खूण झाली की चौघांनी उत्तर द्यायचं. म्हणजे टेपवर नुसती उत्तरं राहणार आणि मधल्या जागा त्यांच्यासाठी मोकळ्या. गिरणीच्या संपामुळे घरी बसलेले तळमजल्यावरचे सावंत पटांगणात पहारा करत होते. "मेल्यांनो, गप ऱ्हवा रे, वर साहेबांचा देवाचा काम चालला," असं पोरांना दटावताना त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा. मीही गंमत बघायला दारात उभा होतो. लोपीस डोळे मिटून उभे, ओठ हलताहेत, आवाज नाही. हात खाली आला की चौघं बोलायची. ग्रेटाला हसू आवरेना, रेजिनाबाई तिला डोळ्यांनी दाबत होत्या. आणि इतकं बजावूनही आमच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिटी झालीच. सुनंदा विसरली होती. ती धावत माफी मागायला आली, तर लोपीस म्हणाले, "राहू द्या. घरात कुकर असतोच."

तीन वर्षांत तिन्ही मुलं गेली. मग संध्याकाळी भिंतीपलीकडे लोपीससाहेबांचा आवाज, त्याला टेपमधल्या चौघांचं उत्तर, आणि त्या उत्तरात मिसळलेला रेजिनाबाईंचा खराखुरा आवाज, असं ऐकू येऊ लागलं. पुढे रेजिनाबाईंना पोटाचा आजार झाला आणि पावसाळ्याच्या अखेरीला त्या गेल्या. तेव्हा तिन्ही मुलं एकाच वेळी घरी आली. कितीतरी वर्षांनी त्या खोलीत सगळ्यांनी मिळून रोझरी म्हटली. जिन्यात मला धरून लोपीस म्हणाले, "बघा कर्णिक, सगळे जमले, तर तिची जागा रिकामी. माझा हिशेब जुळतच नाही." मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

आठवड्याभरात मुलं पांगली. त्यानंतर टेपमधल्या रेजिनाबाई तेवढ्या उरल्या.

एकटा माणूस म्हणून सुनंदा भाजीची वाटी पाठवायची. वाटी घासूनपुसून परत यायची, तीत कधी चार केळी, कधी मूठभर चिकू. गॅलरीत येऊन "वेळ झाली" म्हणायची सवय त्यांनी सोडली नव्हती. खाली आता दुसरी पोरं खेळायची. ती एकदा वर बघून पुन्हा खेळाला लागायची. मला तो प्रकार बघवत नसे, म्हणून त्या सुमाराला मी पेपर घेऊन आत बसायचो.

ग्रेटाने फार आग्रह केला म्हणून ते टोरांटोला गेले. घर विकून तिकडेच राहायचं असं जवळजवळ ठरलं होतं. आम्ही निरोपाचं जेवणसुद्धा घातलं. आणि ठरल्यापेक्षा कितीतरी आधी एका सकाळी टॅक्सी दाराशी, लोपीस बॅग घेऊन हजर. मी म्हटलं, "काय हो, थंडी सोसली नाही का?"

"थंडी ठीक आहे. मुलगी चांगली, जावई चांगला. पण तो रात्रपाळीला, ती ऑफिसात, नातू टीव्हीपुढे. वेळ झाली की मी माझ्या खोलीत टेप लावायचो. तुमच्या कुकरची शिटी टोरांटोत ऐकली, कर्णिक." मग बॅग उचलत म्हणाले, "तिकडेही टेपच लावायची, तर आपलं मुलुंड काय वाईट?"

नंतर ते थकले. मण्यामण्याला धाप लागायची. टेपमधली मोकळी जागा भर पन्नाशीतल्या दमदार माणसासाठी ठेवलेली, ती आता त्यांना पुरेना. त्यांचं अर्धं म्हणून होण्याआधीच उत्तर सुरू व्हायचं. "पोरं घाई करतात," ते हसून म्हणायचे. मी म्हटलं, तुम्ही इंजिनियर ना, टेपचा वेग कमी करा. तर म्हणाले, "मग त्यांचे आवाज बदलतील हो."

नाताळच्या आधीची एक संध्याकाळ. मी स्वयंपाकघरात चहा पीत होतो, सुनंदा भाजी निवडत होती. भिंतीपलीकडे टेप सुरू झाली. उत्तर आलं. मग नुसती शांतता. पुन्हा उत्तर, पुन्हा शांतता. मला वाटलं, मागे पडले असतील. सुनंदाचे हात थांबले. "साहेबांचा आवाज कुठाय?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघेही उठलो.

दार उघडंच होतं. लोपीससाहेब खुर्चीत बसले होते, माळ बोटांत, मान छातीवर. मी हात धरून पाहिला, नाकाशी बोट धरलं. काही उरलं नव्हतं. टेबलावर टेप चालू होती आणि रेजिनाबाई आणि तिन्ही मुलं स्वच्छ आवाजात म्हणत होती, पवित्र मरिये, आम्हां पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. मग आवाज थांबला. मी टेप बंद करायला हात पुढे केला, तर सुनंदाने माझं मनगट धरलं.

"थांबा," ती म्हणाली. "पोरं खोळंबली आहेत."

तिने डोक्यावर पदर घेतला आणि इतकी वर्षं पोळ्या लाटताना भिंतीतून ऐकलेली लोपीससाहेबांची अर्धी प्रार्थना हळू आवाजात म्हटली. पोरांनी लगेच उत्तर दिलं.