पाण्याऐवजी चप्पल

"उजवी बाजू उघडू," सर अँजिओग्राफीची फिल्म बघत म्हणाले. "मोठा फुगा तिकडेच आहे."

मेंदूतल्या रक्तवाहिनीची भिंत कमकुवत होऊन फुगते, त्याला अन्युरिझम म्हणतात. गोडादरा वस्तीतल्या या यंत्रमाग कारागिराला असे दोन होते, उजवीकडे एक, डावीकडे एक. त्यातला एक फुटला होता. सीटी स्कॅनमध्ये जिथे रक्त जास्त, तिथला फुटला असं धरतात. पण तो आमच्याकडे उशिरा आला, तोवर रक्त विरून गेलं होतं, म्हणून मोठा तोच फुटला असावा असा सरांचा अंदाज होता. फुटलेला फुगा पुन्हा फुटला तर माणूस बहुधा वाचत नाही. दोन्ही बाजू एकदम उघडाव्यात अशी त्याची तब्येत नव्हती.

मी नवा रेसिडेंट. वडील उधन्यात मिलमध्ये, घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हॉस्पिटलात गुजरातीच बोलायचो.

ऑपरेशनच्या संमतीची सही घ्यायला वॉर्डात गेलो, तेव्हा पेशंट काहीतरी मागत होता. सिस्टर म्हणाल्या, "ए तो एमनी भाषा बोले छे." त्यांची भाषा! ती तर माझ्या घरची अहिराणी. केस पेपरवरही लिहिलं होतं, बोलणं नॉर्मल.

मी अहिराणीत विचारपूस केली, तशी त्याची बायको जवळ आली.

"भाऊ, यासले पानी पाहिजे ऱ्हास, आन चप्पल मांगतस. डोकं दुखाले लागनं तव्हयपाईन."

मी त्याला कंगवा दाखवला.

"चावी," तो म्हणाला, आणि स्वतःवरच चिडला.

शब्द शोधण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डावी बाजू करते. डोकं दुखायला लागलं तेव्हापासून, म्हणजे फुगा फुटल्यापासून शब्द चुकत असतील, तर फुटलेला डावीकडचा असणार. मी सरांकडे गेलो.

"सर, कदाचित माझं चुकत असेल..."

"बोल ने, भाई."

"तो अहिराणी चुकीची बोलतोय."

"तने केम खबर?"

"घरी आम्ही तीच बोलतो, सर."

सर उठले. पेशंटला पेन दाखवलं, चष्मा दाखवला. प्रत्येक वेळी माझ्याकडे वळून विचारलं, "बरोबर?" नव्हतं.

"आधी डावी," ते म्हणाले.

डावीकडच्या फुग्याला जुनं रक्त चिकटलेलं होतं. फुटलेला तोच. सरांनी क्लिप लावून त्याचं तोंड बंद केलं. उजवा पुढे सवडीने केला. पेशंटचे शब्द हळूहळू परतले. एका सकाळी त्याने पाणी मागितलं, तेव्हा बायको तांब्या तसाच हातात धरून रडत राहिली.

नवख्याचं ऐकून ठरलेली बाजू बदलणारे सर मला मिळाले, हे माझं भाग्य. आता यंत्रमागावर काम करणारा एखादा ओडिया पेशंट माझ्याकडे आला की मी आधी ओडिया येणारं माणूस शोधतो. मग तपासतो.