राणीला मिशी

इंदुबाईंना पेणच्या बाजारपेठेत कुणी ओळखत नसे, आणि त्याही कुणाला ओळखत नसत. पण आसपासच्या गावांतला एकूणएक मृदंगवाला, पेटीवाला, नाटकातला राजा आणि प्रधान त्यांच्या बोटांखालून गेलेला होता. फक्त उलटा. गोरा तो काळा, काळे केस पांढरे, बुबुळाच्या जागी उजेड. निगेटिव्हमध्ये माणूस असाच दिसतो, आणि इंदुबाईंनी तीस वर्षं माणसं अशीच पाहिली.

फोटो काढायचे त्यांचे यजमान, दिनानाथ. दुकानाच्या पाटीवर नावही त्यांचंच. दिवाळी उलटली की गावोगावच्या मंडळ्या नव्या नाटकाच्या आधी फोटो काढून घ्यायला यायच्या. कासूहून, जोह्याहून, गागोद्याहून. भजनी बुवा पेटी मांडीवर सांभाळत एसटीतून यायचा. दिनानाथ त्याला सांगायचे, बुवा, गाऊ नका, नुसतं गातोय असं दाखवा. बुवाला ते जमायचं नाही. तो खरंच गायला लागायचा आणि फोटोत तोंड हललेलं यायचं. ते हललेलं तोंड मग पडद्यामागे इंदुबाईंच्या टेबलावर.

माहेर त्यांचं रोह्याचं. वडील नाटकाचे पडदे रंगवायचे, त्यामुळे ब्रश हातात लहानपणापासूनच. बघायला आलेल्या दिनानाथांनी एकच विचारलं होतं, केसासारखी बारीक रेघ काढता येते का. येते म्हणाल्या आणि त्या रेघेतच अडकल्या. देवीचे वण बुजवायचे, डोळ्यांखालचं काळं काढायचं, मृदंगवाल्याच्या बोटांवरचे घट्टेसुद्धा पुसायचे. कलावंताचा हात मऊ दिसला पाहिजे, असं घट्टेवालाच सांगून जायचा.

सत्याऐंशी साल उजाडेपर्यंत त्यांची मान धरलेली होती आणि डोळ्यांना सारखं पाणी येत होतं. लोकांना रंगीत फोटो हवे असत, ते धुवायला पनवेलला जात. काळ्या-पांढऱ्यात उरली होती ती मेलेली माणसं. एखाद्या जुन्या ग्रुपमधून चेहरा कापायचा, मोठा करायचा, ब्रशने सारखा करायचा आणि खाली दिनानाथांच्या तरुणपणीच्या फोटोतला कोट चिकटवायचा. पेणमधली निम्मी मयत माणसं दिनानाथांचा कोट घालून भिंतीवर टांगलेली होती.

त्या माघात कासूकडचा पुंडलिक आला. त्याचा मोठा भाऊ काळुराम पाच दिवसांपूर्वी गेला होता. मिठागराच्या बांधावर विडी ओढायला बसला तो उठलाच नाही. बाराव्याला मांडवात ठेवायला फोटो हवा होता, आणि काळुरामचा जगात एकच फोटो होता, तो या दुकानात. दिनानाथांनी एकोणऐंशी सालचा खोका उतरवला. निगेटिव्ह निघाली. शालू, नथ, कपाळभर कुंकू, डोक्यावरून पदर. काळुराम वीस वर्षं मंडळीत राणीचं काम करत होता.

पुंडलिकने सांगून टाकलं की ह्यातून पुरुष काढायचा. आणि मिशी पाहिजे, जरा भरदार. दिनानाथ लगेच होईल म्हणाले. होईल म्हणणं त्यांचं काम होतं, करणं इंदुबाईंचं.

त्यांना तीन दिवस लागले. मोठ्या केलेल्या फोटोवरचं कुंकू बुजवलं, पदराच्या जागी केस आणले, नथीचे मोती एकेक करून झाकले, कोट लावला, मिशी काढली. अर्धा तास काम केलं की डोळे मिटून बसायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोटो लांब धरून पाहिला. बरा झाला होता. त्यांना आनंद वगैरे झाला नाही, संपलं एवढंच वाटलं.

फोटो न्यायला पुंडलिक आला तो एकटा नव्हता. मागे काळुरामची बायको हौसा होती. सुतकात, बारावं व्हायच्या आत, ती घराबाहेर पडली होती, आणि वाटभर पुंडलिक तिच्याशी बोलला नव्हता हे दोघांच्या चालण्यावरूनच कळत होतं. इंदुबाईंनी तिला आत, पडद्यामागे घेतलं आणि आपल्या स्टुलावर बसवलं. तिने फोटो हातात घेतला.

"ह्यो कोन?"

पुंडलिक पडद्यापाशी येऊन म्हणाला, "दादा हाय. मिशी मी सांगितली."

"त्याला नव्हती."

"ठाव हाय मला. आता तरी असू दे, वहिनी. उभा जलम लोकांनी मला नटीचा भाऊ म्हटलं. सासुरवाडीला गेलो तर मेव्हणे इचारतात, राणीसाहेब बऱ्या हायत ना? बाराव्याला तेच पाव्हणे यायचेत."

"मग त्यांना मिशी दाखवायची व्हय? सतरा वर्सं मी त्याच्या मिशीशिवाय नांदले, भावोजी. माझं कायी अडलं नाय."

पुंडलिक पडद्यापाशीच उभा राहिला. दिनानाथांनी बाहेरून दोन फोटो करू, एक मांडवाला, एक घराला, असा तोडगा सुचवला. हौसा म्हणाली, माणूस एक होता. आणि फोटो दोन्ही हातांनी गच्च धरून बसली.

इंदुबाई दोघांकडे बघत होत्या. भांडण ऐकायचीही ताकद नव्हती त्यांच्यात. त्यांनी हौसाच्या हातातून फोटो सोडवला, कापूस ओला केला आणि मिशी पुसायला घेतली. वरवरचा रंग होता, दोन-तीन हातांत निघाला. खालून काळुरामचा तुळतुळीत ओठ वर आला. "ऑर्डर माझी हाय," पुंडलिक म्हणाला. इंदुबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आता बघ गो. हाच का?"

हौसाने बराच वेळ पाहिलं. "कोट असू दे," ती म्हणाली. "थंडीचा कधी नव्हता त्याला." पुन्हा पाहिलं. "नाकातलं भोक कुठं गेलं?"

"नथ काढली, तर भोकही बुजवलं," इंदुबाई म्हणाल्या. "मला वाटलं, नथ चापाची असेल."

ती चापाची नव्हती. हौसा सांगत गेली, कुणाकडे न बघता. लग्नाआधीच सोनाराकडून नाक टोचून घेतलं होतं त्याने. चापाची नथ दुसऱ्या अंकात गळून पडते, राणीची पंचाईत होते, म्हणून. भोक बुजू नये म्हणून रोज आंघोळ झाली की हिराच्या झाडूची काडी मोडून त्यात घालायचा. पावसाळ्यात नाटकं नसत तेव्हाही घालायचा. मिठागरावर खारं पाणी उडून नाक चुरचुरायचं, तरी काढायचा नाही.

"न्यायच्या आधी ती काडी मीच उपसली. कुनी दुसऱ्यानं उपसू नये म्हनून."

टेबलावर पडलेला कापूस इंदुबाईंनी उगीचच उचलून पुन्हा ठेवला. तीस वर्षांत त्यांनी किती वण, किती घट्टे, किती भोकं बुजवली याचा हिशेब नव्हता. बुजवायला कुणी सांगावंही लागत नसे, हात आपोआप तिकडे जायचा. परत काढून द्या असं मात्र आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

त्यांनी सर्वांत बारीक ब्रश घेतला, ओठांत धरून टोक केलं. भिंग लावूनही काळुरामची नाकपुडी धूसर दिसत होती. डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. ठिपका एकच द्यायचा होता, पण जागा चुकली तर नाकावर माशी बसल्यासारखं दिसलं असतं.

"नेमकं कुठं गो?"

हौसाने आपल्या नाकपुडीवर बोट ठेवलं. डावीकडे, खाली, बायका टोचतात तिथे. इंदुबाईंनी ब्रश टेकवायला नेला.

"तिथं नाय," पुंडलिक म्हणाला.

दोघी थांबल्या. तो पडदा सारून आत आला, टेबलावर वाकला आणि फोटोला हात न लावता नखाने जागा दाखवली. "जरा वर. सोनारानं चुकवलं होतं. मी होतो संगती. त्याचं डोकं मीच धरलेलं."

हौसा त्याच्याकडे बघत राहिली. तिला हे माहीत नव्हतं. इंदुबाईंनी श्वास रोखला आणि ठिपका दिला.

पुंडलिकने खाली वाकून तो पाहिला, मग भिंतीला टेकून उभा राहिला.

"वाळायला किती येळ लागंल?"

"अर्धा तास," इंदुबाई म्हणाल्या. "बस खाली."