बोलावलं की जाईन

सुतारकाकांच्या हातापासून लाकडाचं काही लपत नसे. नुसता तळवा टेकवला की दार कुठे अडतंय ते त्यांना कळायचं. त्यामुळे इमारतीच्या जिन्याचा कठडा दुसऱ्या वळणावर हलतोय, हे सगळ्यांत आधी त्यांच्याच लक्षात आलं. खांबाचे दोन स्क्रू सैल झाले होते. दहा मिनिटांचं काम.

बायको म्हणाली, हत्यारं घरातच आहेत, हातासरशी करून टाका. पण काकांचं घोडं एका जुन्या अपमानापाशी अडलं होतं. मागच्या वर्षी त्यांनी फाटक आपणहून घासून सारखं केलं, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी चारचौघांत म्हणाले होते, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" तेव्हापासून काकांचं एकच पालुपद : बोलावलं की जाईन. ते स्वतः मात्र कठड्याला हात न लावता भिंतीच्या कडेनं उतरायला लागले.

असे पाच आठवडे गेले. मग एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या सिस्टर पिशवी घेऊन खाली निघाल्या. नर्सची नोकरी संपून बारा वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. वळणावर त्यांनी कठड्यावर भार दिला आणि कठड्यासकट सात पायऱ्या खाली आल्या. खुब्याचं हाड मोडलं.

त्याच दुपारी काकांनी, कुणी न बोलावता, नवा खांब बसवला. महिन्याच्या बैठकीत सेक्रेटरींनी त्यांना उभं केलं. न सांगता पुढाकार घेणारी माणसं हल्ली दुर्मिळ झालीत, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं काकांना झालं. खरं सांगायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते, "त्यात काय एवढं!"

रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी ते सिस्टरकडे गेले. त्या पडूनच होत्या. काका बोलायच्या आत त्यांनी उशाजवळच्या खणाकडे बोट दाखवलं. तिथे मलमाची नवीकोरी ट्यूब होती.

"तुमच्यासाठीच आणली होती. भिंतीला धरून उतरताना बघायचे तुम्हाला. म्हटलं, गुडघा दुखत असणार. द्यायचं राहून गेलं."

ट्यूब हातात धरूनच काकांनी सगळं सांगून टाकलं. गुडघ्याला काही झालेलं नाही, हेही.

"मला सांगून काय उपयोग?" सिस्टर म्हणाल्या. "ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना सांगा."

संध्याकाळी काका दारोदार गेले. अकरा दारं. कुणी सावरून घेतलं, कुणी तोंडावर दार लावलं. शेवटचं दार सेक्रेटरींचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मलाही दिसला होता हो कठडा, हलताना," ते कडी चाळवत म्हणाले.

दोघांनाही वर बघवेना.