पाठीवरची पट्टी

आमचे हे शिंपी. एकदा उसवलेली पँट घेऊन आलेला ट्रकवाला सहज बोलून गेला, "अंधार पडला की रस्त्याकडेचा माणूस अगदी जवळ गेल्यावरच दिसतो." झालं, ह्यांच्या डोक्यात किडा वळवळला. दिव्याचा उजेड पडला की चमकणाऱ्या पट्टीचं अख्खं रीळ घेऊन आले आणि दुकानात येईल त्या कपड्याच्या पाठीवर न विचारता, फुकट शिवायला लागले. गिऱ्हाइकं भांडायला आली की हे मशीन जोरात चालवायचे, म्हणजे ऐकून मी घ्यायचं.

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाचा कोटही त्यांनी सोडला नाही. फोटोग्राफरने मागून फ्लॅश मारला, तर फोटोत नवरा नाही, नवरी नाही, नुसती एक लखलखीत आडवी रेघ. भाऊ महिनाभर आमच्याशी बोलला नाही.

मग एका संध्याकाळी त्याची स्कूटर वाटेत बंद पडली. थंडी होती म्हणून तोच कोट घालून तो ती ढकलत निघाला होता. अंधारात मागून आलेल्या ट्रकने करकचून ब्रेक दाबला आणि चार हातांवर थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "पाठ चमकली म्हणून वाचलास."

दुसऱ्या दिवशी भावाने कपाटातले सगळे शर्ट आणून आमच्या काउंटरवर ओतले. "दाजी, सगळ्यांना लावा."

लग्नाचा तो फोटो आता दुकानात टांगलाय. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "ह्यात माणूस कुठाय?"

बाकावर भाऊ चहा पीत बसलेला असतो. मी म्हणते, "तो काय."