मागाच्या खड्ड्यातलं पाणी

जागेश्वर विणता विणता उठला, तेव्हा त्याचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं माखले होते. मागावर बसायचं म्हणजे पाय खड्ड्यात सोडावे लागत, आणि त्या खड्ड्यातच आता नालीचं पाणी झिरपत होतं. सुताला बुरशी धरली होती.

"मी मिलमंदी नाव घालतो," तो बायकोला, अनुसयेला, म्हणाला. "हा माग आता काही चालत नाही."

दोष गल्लीचाच होता. पूर्वी ज्याच्या-त्याच्या परसात उकिरडा असे. मिलच्या कामाला माणसं येत गेली, परसांत खोल्या उठल्या आणि साऱ्या घरांचा केर अनुसयेच्या भिंतीलगतच्या मोकळ्या जागेत पडू लागला. म्युनिसिपालटीची गाडी मोठ्या रस्त्यावरूनच परते. ढिगानं नाली बुजली आणि पाणी घरात शिरलं.

तिचा भाऊ नत्थूजी कन्हान नदीकाठी भाजी पिकवी. बाजारात वांगी उतरवली की त्याची बैलबंडी रिकामी परते. अनुसयेनं त्याला ढीग दाखवला.

"दादा, खतच आहे गा हे. घेऊन जा."

त्यानं काठीनं ढीग उकरला. "आहे खरं. पण काचा किती! बैलाच्या पायात गेली म्हणजे? काच-खापर येगळं कर, मग दर बाजाराले नेतो."

अनुसया पदर खोचून ढिगापाशी बसली. येणारे-जाणारे हसले. समोरची चंद्रकला साडीच्या काठासाठी सूत रंगवायची. ती घमेलं घेऊन आली आणि रंगाचा लाल गाळ रोजच्यासारखा तिथंच ओतून म्हणाली, "विणकाम सोडून हाच धंदा धरला काय वं?"

अनुसयेनं तिचा हात धरून तिला घरात नेलं. "खड्ड्यात पाय टाक."

चंद्रकलेनं हसत पाय टाकला आणि दचकून वर काढला. पाऊल लाल झालं होतं.

"हा तर माह्या घरचा रंग!"

"तिथं बसून विणत होते माहे मालक. आता मिलमंदी जातो म्हणते."

चंद्रकला पाय न पुसताच निघून गेली. दुसऱ्या दिवशी गल्लीभर तिचाच आवाज होता. काच-खापराची टोपली वेगळी न ठेवणाऱ्या घराची तिनं दारात जाऊन लाज काढली. तिच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती.

बाजाराच्या दिवशी अनुसया सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी उभी होती. ऊन चढलं तरी बंडी दिसेना. दादानं नुसतं तोंडदेखलं म्हटलं असेल काय? शेवटी वळणावर बैलांची शिंगं दिसली आणि तिनं टोपली उचलली. पुरुषही टोपल्या घेऊन पुढे आले, ढीग बंडीत भरू लागले. संध्याकाळी नाली मोकळी झाली.

पुढे खड्डा वाळल्यावर जागेश्वरनं तळाला हात लावून पाहिला. मग नवं सूत मागावर चढवायला घेतलं. मिलचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. त्या दिवशी इतके दिवस घाणीमुळं बंद ठेवलेलं ढिगाच्या बाजूचं दार सताड उघडं टाकून दोघं जेवायला बसले, आणि अनुसयेनं कितीतरी दिवसांनी पोटभर भाकर खाल्ली.