प्रेमिलाबाईंचे डाव्या हाताचे टाके

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या गल्लीत प्रेमिलाबाई राहतात. तीस वर्षं त्यांनी दवाखान्यात आया म्हणून परक्यांच्या चादरी बदलल्या. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी मुलाला, अश्विनला, समोरच्या खोलीतला पलंग हलवायला लावला. दर रविवारी दुपारी तिथे जुन्या लुगड्यांची गोधडी पसरली जाऊ लागली. नोकरीतली मैत्रीण लतिका, शेजारच्या भीमाबाई आणि महाल भागातून येणाऱ्या यमुताई धरून चौघीजणी. चार कोपऱ्यांना बसायचं आणि धावदोरा घालत मध्याकडे सरकायचं. चार वर्षांत एक रविवार चुकला नाही.

गेल्या जानेवारीत त्यांना लकव्याचा झटका आला. अठरा दिवसांनी घरी आल्या तेव्हा बोलणं स्पष्ट होतं, चालणं काठीवर. पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा. रविवारी तिघी मैत्रिणी फळं घेऊन आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

"काहून वं, सुई-दोऱ्याच्या पिशव्या कुठं आहेत तुमच्या?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"आता काही दिवस राहू दे ना," भीमाबाई म्हणाल्या. "तू बरी हो आधी."

"मी बरी होईन तेव्हा होईन. गोधडी अर्धी पडून आहे. पुढच्या रविवारी सुई नसंल तिनं येऊ नये."

त्या आठवड्यात त्यांनी डाव्या हाताला कामाला लावलं. सुई धरायला दुसरा हात नव्हता, म्हणून ती बटाट्यात उभी खोचून दोरा ओवायचा. कापड सरकू नये म्हणून त्यावर वरवंटा ठेवायचा. सून मोनाली म्हणाली, "आई, ड्यूटीवर जायच्या आधी दहा सुया ओवून ठेवते मी." त्यांनी मान हलवून नको म्हटलं. पहिल्या दिवशी ओवायलाच पाऊण तास गेला. टाके कुठे लांब, कुठे एकमेकांवर चढलेले. तरी उन्हाळा संपेपर्यंत त्यांच्या कोपऱ्यात सात ओळी झाल्या.

जुलैतल्या एका रविवारी गोधडीवरून बोटं फिरवताना त्या थांबल्या. पाच ओळी सरळ होत्या, एकसारख्या.

"हे माझे टाके नाहीत. कोणी केलं हे?"

मग लतिकानं मान खाली घातली. "तू दवाखान्यात व्यायामाले गेली होती तेव्हा आली होती मी. उसवून पुन्हा घातले. तुले वाईट वाटू नये म्हणून."

"वाईट आता वाटून राहिलं मले."

त्यांनी ब्लेड मागितलं. डाव्या हातानं त्या पाचही ओळी संध्याकाळपर्यंत उसवत बसल्या. यमुताई मदतीला सरकल्या तर त्यांनाही हात लावू दिला नाही. लतिका डोळे पुसत निघून गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी प्रेमिलाबाईंनी अश्विनला ऑटो आणायला सांगितला. लतिका लकडगंजात दुसऱ्या माळ्यावर राहते. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मुलाचा हात झिडकारत त्या वर पोचल्या, तेव्हा पदर घामानं भिजला होता. दार उघडताच लतिका घाबरली. "एवढ्या पायऱ्या! फोन करायचा होता ना!"

"फोनवर तू हो म्हणली असती अन् आली नसती." त्या खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या. "लतिका, दवाखान्यात आपण कोण्या पेशंटचे टाके लपवले होते का? वाकडे आहेत, पण माझे आहेत. या हातानं एवढंच होते, ते दिसू दे. मी तुह्यावर चिडली, ते खरं. पण तुह्या कोपऱ्यात कोणाले बसू देणार नाही मी."

लतिका समोर जमिनीवर बसली. मग म्हणाली, "मले भीती वाटली होती गं. तुह्यासारखी बाई अशी झाली, तर आमचं काय."

"मंग माझ्याजवळ बसून पाहा ना."

रविवारी लतिका आली, पिशवी घेऊन. प्रेमिलाबाईंच्या कोपऱ्यातलं कापड सुरकुतायला लागलं तसा तिचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला.

"धरू का वं?"

"धर. ओढू नको पण."

दिवाळीच्या आठवड्यात गोधडी पुरी झाली. मोनालीनं ती धुऊन अंगणातल्या दोरीवर वाळत घातली. गल्लीतल्या बायका येता-जाता तीन सरळ कोपरे न्याहाळत आणि चौथ्यापाशी थबकून विचारत, हा कोणाचा? प्रेमिलाबाई दारातूनच ओरडून सांगत, "माझा!"